अंधाराची नोंद

पार्सल आलं तेव्हा बर्फाचं पाणीही उरलं नव्हतं.
एकोणीस दिवस कस्टमच्या गोदामात,
बेलेमच्या उकाड्यात.
ओतोनिएल फोनवर कुणाला तरी शिव्या देत राहिला,
मी खोका उघडला.
तपकिरी कुपीच्या तळाशी चिमूटभर भुकटी,
मिठाच्या बरणीत शेवटी उरतं तेवढी.
हिच्यापायी आम्ही वर्षभर नवे हातमोजे मागितले नव्हते.

कोरडी होती म्हणून वाचली.

नऊ मण्यांची माळ. कुठल्या जिवाच्या अंगातली नव्हे,
यंत्राने एकेक मणी ओवून केलेली.
एका टोकाला उजेड देणारा,
दुसऱ्या टोकाला तो गिळणारा.
जवळ आहेत तोवर काळोख.
दोघांचं इतकं जमतं
की बाहेर काही दिसतच नाही.
मधे, दोन आर्जिनिनच्या पुढे,
डेंगीच्या कात्रीला ओळखीची वाटेल अशी जागा
मुद्दाम सोडलेली.
कात्री येते, कापते,
टोकं लांब जातात
आणि ताटातुटीचा निळा उजेड पडतो.

थाळीत तीनशे चौऱ्याऐंशी खळगे.
प्रत्येकात कात्री, प्रत्येकात एक अनोळखी रसायन,
सगळ्यात शेवटी माळ.
मग झाकण लावायचं
आणि कोण उजळत नाही ते बघायचं.

इथे यायच्या आधी मी वीज कंपनीत होते.
ग्वामा वस्तीत मीटर वाचत हिंडायचे.
ज्या घरात अंधार, तिथे बिल थकलेलं,
नाहीतर आत कुणी तापाने फणफणलेलं,
डोळ्यांच्या मागे ठणका, बल्ब सोसत नाही.
दोन्हींची नोंद मी एकाच लाल पेनाने करायचे.
वहीत दुसरा रकानाच नव्हता.

गुरुवारी रात्री एक खळगा उजळला नाही.
एच-सात. काळा ठिक्कर.
ओतोनिएलने सांतारेंला आईला उठवलं,
'आई, अडकली गं कात्री!'
ती बिचारी विचारत होती, कुठली कात्री, लागलं का तुला.
मी फ्रीझरमधून त्या रसायनाची मूळ कुपी काढली,
दिव्यासमोर धरली.
हळदीचं पाणी.
कात्री बेधडक कापत होती,
हा पठ्ठ्या वर बसून उजेड पीत होता.
दिव्याखाली अंधार ऐकून होते,
हा थेट दिव्याच्या तोंडावर.

आणखी तीन खळगे काळे होते.
त्यांत साबणाचा एकेक थेंब टाकला.
नुसते गोळे करून कात्रीला लोंबकळत होते लेकाचे,
सुटले. तिन्ही घरं उजळली.

आम्ही कोपऱ्यावर जाऊन ताकाका प्यायलो,
वाटीत जांबूचा पाला, ओठ बधिर करणारा.
बराच वेळ दोघांना बोलता आलं नाही,
आणि ते सोयीचंच होतं.
समोरच्या गाडीच्या टपावर आंबा पडला, धप्पकन.
'दोना इरासिल्दा,' तो म्हणाला,
'डी-एकोणीसचं काय?'

डी-एकोणीसचं कुणी काही म्हणालंच नव्हतं.
तो काळा नव्हताच.
झिरोचा बल्ब लावून माणसं झोपतात ना,
तसा. मिणमिणता.
परत गेलो. कुपी धरून बघितली: पाणी, रंग नाही.
साबण घातला: तसाच.
मात्रा दुप्पट केली: आणखी थोडा मंद.
चौपट: आणखी.
पहाटे साडेचारला ओतोनिएल खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपला होता.
मी आईला फोन करायला त्याला उठवलं नाही.

वहीत लिहिलं:
डी-एकोणीस. उजेड आहे, कमी आहे. पुन्हा करून बघणे.
शिसपेनने लिहिलं.
कुपीत अजून दोन थाळ्यांपुरती भुकटी आहे.